जुना रिपोर्ट चालत नाही: पाळी जायच्या वयात रक्तवाहिन्या कशा सांभाळाव्यात

"माझं कोलेस्टेरॉल नॉर्मल आहे, दोन-तीन वर्षांपूर्वीच तपासलंय." पंचेचाळिशीच्या आसपासच्या बायका हे अगदी मनापासून सांगतात आणि त्यांचा रिपोर्ट खोटाही नसतो. पण तो पाळी नियमित असतानाचा असतो. पाळी कायमची थांबण्याआधीचं एक वर्ष आणि नंतरचं एक वर्ष, एवढ्या थोड्या काळात एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, सरासरी दहाएक अंकांनी चढतं आणि मोठ्या धमन्या कडक व्हायला लागतात. अमेरिकेत १९९६ पासून तीन हजारांहून अधिक स्त्रियांना वर्षानुवर्षं तपासत आलेल्या 'स्वान' अभ्यासात हे स्पष्ट दिसलं. नुसत्या वयामुळे होणारी वाढ याहून वेगळी. आपल्याकडे पाळी साधारण ४६-४७ व्या वर्षी जाते, म्हणजे पाश्चात्त्य देशांपेक्षा चार-पाच वर्षं आधी. तेव्हा इंदुरातल्या राजेंद्रनगर किंवा सुदामानगरातल्या ४४ वर्षांच्या बाईने "पन्नाशीनंतर बघू" म्हटलं, तर बघायची वेळ नेमकी निसटते.

आत काय घडतं ते थोडक्यात. रक्तवाहिनीच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच पातळ थर असतो. हा थर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार करतो, त्यामुळे वाहिनी सैल होते आणि रक्ताला वाट मिळते. इस्ट्रोजेन या कामाला जोर देतं. यकृताला रक्तातलं एलडीएल उचलून घ्यायला मदतही तेच करतं. इस्ट्रोजेन ओसरलं की वाहिनी पूर्वीसारखी सैल पडत नाही, एलडीएल रक्तात जास्त वेळ फिरत राहतं, मांड्या-नितंबांवर साठणारी चरबी पोटाकडे सरकते आणि मीठ बाधायला लागतं. तीच भाजी, तोच पापड, पण बीपी मात्र वर. "खाण्यात काहीच बदललं नाही, तरी असं कसं?" या प्रश्नाचं उत्तर इथे आहे.

आधी वही, मग वाटी

शंभर पानी वही पुरे. पहिल्या पानावर तारीख घालून मागचा इतिहास लिहा, कारण डॉक्टरांकडच्या दहा मिनिटांत तो आठवत नाही. शेवटची पाळी कधी आली (सलग १२ महिने आली नाही की रजोनिवृत्ती झाली असं धरतात). गर्भपिशवी काढली असेल तर कोणत्या वर्षी, आणि अंडाशय ठेवले की काढले. हे अनेकींना माहीतच नसतं. डिस्चार्ज कार्ड शोधून बघा. अंडाशय काढले असतील तर इस्ट्रोजेन एका दिवसात गेलेलं असतं. ठेवले असले तरी रजोनिवृत्ती थोडी लवकर येऊ शकते, आणि पाळीच नसल्यामुळे ती आलेली कळत नाही. पाळी ४५ च्या आत गेली असेल तर ते ठळक लिहा, ४० च्या आत गेली असेल तर त्याखाली रेघ ओढा.

पुढची ओळ बाळंतपणांची. गरोदरपणात बीपी वाढलं होतं का, झटके आले होते का, साखर निघाली होती का, मूल खूप आधी जन्माला आलं होतं का. ज्यांना प्रीएक्लॅम्प्सिया (गरोदरपणात बीपी धोकादायक चढण्याचा आजार) झाला त्यांना पुढे हृदयविकाराचा धोका साधारण दुप्पट असतो. ती गोष्ट २० वर्षांपूर्वी बाळंतपणाच्या खोलीत संपली असं घरात सगळे समजतात. रक्तवाहिन्यांच्या लेखी ती संपलेली नसते. मग पीसीओएस (अंडाशयाचा हार्मोनचा विकार), थायरॉइड, आणि घरातले हार्ट अटॅक: वडील किंवा भाऊ ५५ च्या आत, आई किंवा बहीण ६५ च्या आत.

बीपी: सात दिवस, दोन वेळा

दवाखान्यातला एक आकडा फारसा कामाचा नसतो. कुणाचं बीपी डॉक्टरांना बघून चढतं, तर कुणाचं फक्त घरीच चढलेलं असतं. म्हणून घरी मोजा. मनगटावरचं यंत्र नको, दंडावरचं डिजिटल घ्या. घेण्याआधी शिवणाच्या टेपने दंडाचा घेर मोजा, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये. यंत्रासोबतचा पट्टा बहुधा २२ ते ३२ सेंटिमीटरचा असतो. दंड ३५ असताना तोच आवळला तर आकडा खोटा चढून येतो आणि नको ती गोळी मागे लागते. पट्ट्यावर छापलेला घेर वाचूनच यंत्र निवडा.

मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, चालणं आणि तंबाखू नको. लघवीला जाऊन या. तुंबलेल्या मूत्राशयानेही आकडा वाढतो. पाठ टेकेल अशा खुर्चीवर पाच मिनिटं शांत बसा. पाय जमिनीवर, मांडीवर मांडी नाही. हात टेबलावर असा ठेवा की पट्टा छातीच्या उंचीला येईल. हात लोंबता राहिला तर आकडा वर जातो. पट्टा उघड्या दंडावर बांधा, ब्लाउजच्या घट्ट बाहीवर नाही आणि बाही वर दुमडून केलेल्या वळीखालीही नाही. यंत्र चालू असताना बोलू नका. हा नियम सगळ्यात जास्त मोडला जातो, कारण नेमकं त्याच वेळी कुणीतरी विचारतं, "किती आलं?"

एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा, दोन्ही आकडे लिहा. सकाळी चहा-गोळीच्या आधी आणि रात्री जेवणाआधी, असं सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडा आणि बाकीच्या सहा दिवसांची सरासरी काढा. घरची सरासरी १३५/८५ किंवा त्यावर असेल तर तो उच्च रक्तदाब. १२०/८० ते १३५/८५ च्या मध्ये असाल तर घाबरायचं कारण नाही, पण खालचं स्वयंपाकघराचं प्रकरण तुमच्यासाठीच आहे. पहिल्या दिवशी दोन्ही दंडांवर मोजा. ज्याचा आकडा जास्त, तोच दंड कायमचा. दोन्हींत वरच्या आकड्याचा फरक सतत १० ते १५ च्या वर असेल तर डॉक्टरांना सांगा.

थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून जानेवारीतलं बीपी मे महिन्यापेक्षा थोडं चढं असतं. उन्हाळ्यातले आकडे बघून स्वतःच गोळी बंद करण्याची चूक बऱ्याच जणी करतात. डिसेंबरात ती महागात पडते.

रक्ताच्या तपासण्या, आणि त्यांतल्या खोड्या

लिपिड प्रोफाइल, उपाशीपोटीची साखर, एचबीएवनसी (मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर), टीएसएच (थायरॉइडसाठी), हिमोग्लोबिन, आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन व लघवीतलं अल्ब्युमिन, एवढं पुरेसं. 'फुल बॉडी'च्या ८०-९० चाचण्यांच्या पॅकेजमधलं बाकीचं बहुतेक या प्रश्नासाठी निरुपयोगी असतं. आयुष्यात एकदाच एक जास्तीची चाचणी करून घ्या: लायपोप्रोटीन ए, रक्तात कोलेस्टेरॉल वाहून नेणारा एक कण. हे मुख्यतः आनुवंशिक असतं, आहाराने फारसं हलत नाही. दर डेसिलिटरला ५० मिलिग्रॅमच्या वर आलं तर बाकीचे आकडे जास्त कडकपणे सांभाळावे लागतात. घरात लहान वयात अटॅक झालेले असतील तर ही चाचणी टाळू नका.

एलडीएल १०० च्या आत असावं. मधुमेह किंवा जुना हृदयविकार असेल तर त्याहूनही खाली, किती ते डॉक्टर ठरवतील. ट्रायग्लिसराइड १५० च्या आत. एचडीएल ५० च्या वर असलं की बायका निश्चिंत होतात. पण रजोनिवृत्तीनंतर एचडीएलचा आकडा चांगला राहूनही त्याचं राखणीचं काम मंदावलेलं असू शकतं. तेव्हा "चांगलं कोलेस्टेरॉल भरपूर आहे" म्हणून चढलेल्या एलडीएलकडे काणाडोळा करू नका.

एचबीएवनसीची एक खोडी आहे. पाळी जायच्या आधी काहींना महिनोन्‌महिने जास्त रक्तस्राव होतो आणि लोह संपतं. लोह कमी असेल तर एचबीएवनसी खोटं वाढलेलं दिसतं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, ६.५ पासून मधुमेह. पण हिमोग्लोबिन ९ असताना आलेल्या ६.१ वर निकाल देऊ नये. उपाशीपोटीची साखर सोबत बघावी (१०० ते १२५ उंबरठा, १२६ पासून मधुमेह). तसंच थायरॉइड मंद असेल तर एलडीएल त्यामुळेच चढलेलं असू शकतं. आधी थायरॉइड जागेवर आणा, मग लिपिड पुन्हा तपासा.

पहिली तपासणी आता करा, पाळी पूर्ण थांबायची वाट न बघता. दुसरी तपासणी, पाळी थांबून वर्ष झालं की. हे दोन कागद शेजारी ठेवले की तुमच्या शरीराने किती उडी मारली ते दिसतं. नंतर वर्षातून एकदा पुरे, औषध चालू असेल तर डॉक्टर सांगतील तसं.

कंबर महिन्यातून एकदा मोजा, नाडी बांधतो तिथे नाही. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मध्यावर टेप धरा, श्वास सहज सोडा, पोट आत ओढू नका. आपल्याकडच्या स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही हद्द. वजनकाटा तोच आणि कंबर चार सेंटिमीटरने वाढलेली, हे या वयात फार होतं. म्हणून टेप काट्यापेक्षा खरं बोलतो.

स्वयंपाकघर: मिठापासून सुरुवात

दिवसाला माणशी ५ ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट भरलेला एक चहाचा चमचा, आणि यात सगळं आलं. चमच्याने मोजत बसणं कुणालाच जमत नाही, म्हणून पुडा मोजा. चौघांच्या घरात ५ ग्रॅमच्या हिशोबाने महिन्याला ६०० ग्रॅम होतात. त्यातलं बरंच बाहेरच्या खाण्यातून येतं. म्हणून घरातला एक किलोचा पुडा निदान दोन महिने पुरायला हवा. पुडा फोडाल त्या दिवशी त्यावर पेनाने तारीख घाला. तीन आठवड्यांत संपत असेल तर बीपी का चढतंय याचं उत्तर डब्यातच आहे.

इंदूरची खरी अडचण नमकीनची. पोह्यांवर शेव, भेळीत शेव, भाजीत शेव, आणि पाहुणा आला की बशीभर शेव. पाकिटावर 'सोडियम' शोधा आणि त्या आकड्याला अडीचने गुणा, ते मीठ. १०० ग्रॅमला ८०० मिलिग्रॅम सोडियम लिहिलं असेल तर मीठ झालं २ ग्रॅम, दिवसाच्या वाट्यातलं चाळीस टक्के. जिरावनात (पोह्यांवर भुरभुरायच्या मसाल्यात) साधं मीठ आणि काळं मीठ दोन्ही असतं, तेव्हा जिरावन भुरभुरायचं असेल तर पोहे फोडणीला घालताना मीठ अर्धं करा. पापडखार, खाण्याचा सोडा आणि पोटातल्या जळजळीवर पाण्यात फसफसवून घेतात ती पूड, या सगळ्यांत सोडियम भरपूर असतं आणि ते खारट लागत नाही म्हणून मोजलं जात नाही. पाण्यात विरघळणाऱ्या फसफसत्या वेदनाशामक गोळ्यांचंही तेच.

सैंधव हेही सोडियम क्लोराइडच. उपवासाला चालतं म्हणून बीपीला चालतं असं नाही. खरा फरक पडतो तो पोटॅशियम मिसळलेल्या कमी सोडियमच्या मिठाने. चीनमधल्या खेड्यांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत अशा मिठाने पक्षाघात कमी झाले. मात्र मूत्रपिंड कमजोर असेल, किंवा बीपीच्या गोळ्यांपैकी टेल्मिसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांतलं काही चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे मीठ आणू नका. रक्तात पोटॅशियम साठून हृदयाची लय बिघडू शकते.

मीठ एकदम तोडलं की घरची मंडळी आठवड्यात बंड करतात. दर दोन आठवड्यांनी थोडं थोडं कमी करा. जीभ महिना-दीड महिन्यात सरावते. कणकेतलं आणि भातातलं मीठ आधी काढा, ते कुणाच्या लक्षातही येत नाही. वरणात लिंबू, आमसूल, भरडलेले जिरे वाढवा.

तुपाचा हिशोब शांतपणे करूया, कारण यावर दोन्ही बाजूंनी भांडणं होतात. चहाच्या एका चमच्यात ५ ग्रॅम तूप, त्यातलं ३ ग्रॅम संपृक्त, म्हणजे एलडीएल वाढवणारी चरबी. दिवसभरात १६०० कॅलरी खाणाऱ्या बाईला संपृक्त स्निग्धांशाची वरची हद्द साधारण १७ ग्रॅम. एलडीएल चढलेलं असेल तर ११-१२ वर थांबावं. आता ६ टक्के स्निग्धतेचं दूध बघा: २५० मिलिलिटरच्या एका पेल्यात १५ ग्रॅम चरबी आणि त्यात सुमारे ९ ग्रॅम संपृक्त. म्हणजे भातावरच्या चमचाभर तुपावर वाद घालताना चहातलं, दह्यातलं आणि रात्री प्यायचं दूध निसटून जातं. टोन्ड दूध आणा आणि वरणभातावरचं एक चमचा तूप ठेवा, हा सौदा चांगला. बाफले (उकडून भाजलेले कणकेचे गोळे) तुपात बुडवून काढण्याऐवजी फोडून वरून एक चमचा सोडा. रविवारचा दाल-बाफला तेवढ्याने बिघडत नाही.

तेल माणशी महिन्याला अर्धा लिटर, म्हणजे दिवसाला तीन चहाच्या चमच्यांच्या थोडं वर. शेंगदाणा, मोहरी, सोयाबीन, तांदळाचा कोंडा, यांतलं कोणतंही चालेल; आलटून पालटून वापरा. तळून उरलेलं तेल पुन्हा तापवू नका. सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजारात गराडू (तळलेला कंद) किंवा कचोरी खायची असेल तर महिन्यातून एखादी रात्र ठरवून खा, आणि कढईतलं तेल काळपट किंवा फेसाळ दिसलं तर पुढच्या दुकानाकडे वळा.

कमी काय करायचं ते झालं. वाढवायचं काय? कडधान्य, भाज्या, आणि सोयाबीन. माळव्याच्या काळ्या मातीत सोयाबीन पिकतं, देशातली सोयाबीनची राष्ट्रीय संशोधन संस्था इंदुरातच आहे, आणि आपल्या घरात ते फक्त तेलाच्या डब्यातून येतं, हे जरा गमतीचंच. सोयाबीनमधल्या प्रथिनांनी एलडीएल तीन-चार टक्क्यांनी उतरतं. हे औषधाची जागा घेणार नाही, पण मटणाची किंवा पनीरची जागा घेतली तर फायदा दुहेरी. रात्रभर भिजवा, ते पाणी फेका, कुकरमध्ये नीट मऊ शिजवा आणि उसळ करा. कच्चं किंवा अर्धवट शिजलेलं नको. त्यात प्रथिनं पचू न देणारा घटक असतो, तो शिजवल्यानेच निकामी होतो. पीठ करायचं असेल तर अर्धा तास उकळून, वाळवून मग दळा आणि नऊ वाट्या गव्हाच्या पिठात एक वाटी मिसळा. सोयावडी ३० ग्रॅम म्हणजे सुमारे १५ ग्रॅम प्रथिनं. थायरॉइडची गोळी आणि सोया यांत चार तासांचं अंतर ठेवा, नाहीतर गोळी नीट शोषली जात नाही.

इसबगोलालाही हाच नियम. नीमच मंडीतून देशभर जाणारं हे इसबगोल फक्त बद्धकोष्ठासाठी नसतं. रोज घेतल्यास एलडीएल काही टक्के उतरवतं. एका चमच्याने सुरू करा, आठवड्याने दोन. पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्या आणि वर आणखी पाणी प्या. कोरडं तोंडात टाकलं किंवा पाणी कमी पडलं तर घशात फुगून अडकू शकतं.

उपवासाचं काय? साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. खिचडीच्या मोठ्या ताटलीने साखर वेगाने चढते. वाटीभरच घ्या, दाण्याचं कूट, दही आणि काकडीची कोशिंबीर सोबत ठेवा, किंवा वरईचा भात आणि दाण्याची आमटी करा. हरितालिकेसारखा निर्जळी उपवास असेल आणि लघवी वाढवणारी बीपीची गोळी किंवा साखरेची गोळी चालू असेल, तर आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारा. संध्याकाळी चक्कर येऊन पडल्यावर विचारण्यात अर्थ नाही.

चालणं मोजून, आणि पायांना वजन

आठवड्याला १५० मिनिटं मध्यम वेगाने चालणं आणि दोन दिवस स्नायूंचे व्यायाम, हे किमान. मध्यम वेग म्हणजे बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही. मोजायचं असेल तर १५ सेकंदांतली पावलं मोजा. २५ झाली म्हणजे मिनिटाला १००, तो मध्यम वेग. मेघदूत उद्यानात किंवा रीजनल पार्कात मैत्रिणींबरोबर रमतगमत घेतलेल्या फेऱ्या मनाला छान असतात, पण बहुतेक वेळा ७०-८० वर चालतात. मग अर्धा वेळ गप्पा आणि अर्धा वेळ चाल, असं वाटून घ्या.

पहिले दोन आठवडे १५ मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. नंतर दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवत ३० वर या. महिनाभर ३० जमलं की मधे मधे एक मिनिट भरभर आणि दोन मिनिटं नेहमीच्या वेगाने, असं सहा वेळा करा. मे महिन्यात सातच्या आत आटपा. जानेवारीत उलट, पहाटे साडेपाचच्या थंडीत आणि खाली बसलेल्या धुरात जाण्यापेक्षा ऊन पडल्यावर निघा. रात्रीच्या जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटांची शतपावली साखर चढू देत नाही. ही गोष्ट आजीला ठाऊक होती, फक्त तिने ग्लुकोमीटर लावला नव्हता.

बीपीवर सगळ्यात चांगला परिणाम दिसलेला एक व्यायाम भिंतीला टेकूनच करायचा आहे. पाठ भिंतीला लावा, पाय भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे, आणि खुर्चीत बसल्यासारखं थोडं खाली घसरून तिथेच थांबा. सुरुवात २० सेकंदांची, चार वेळा, मधे दोन मिनिटं विश्रांती. हळूहळू दोन मिनिटांपर्यंत न्या. आठवड्यातून तीन दिवस. गुडघे दुखत असतील तर कमी खाली जा. श्वास कोंडू नका. मोठ्याने आकडे मोजत राहिलात की तो आपोआप चालू राहतो. बीपी १६०/१०० च्या वर असेल तर आधी ते खाली आणा, मग हा व्यायाम.

सोबत हात न टेकता खुर्चीतून १० वेळा उठणं, ओट्याशी उभं राहून टाचा उचलणं १५ वेळा, आणि भिंतीवर १० दंड. टाचा उचलण्याने पोटरीचा पंप चालतो. तासन्‌तास ओट्याशी उभ्या राहणाऱ्यांच्या पायांवर निळ्या शिरा फुगतात त्यांनाही याचा उपयोग होतो. पण एकाच पायाची पोटरी अचानक सुजली, गरम लागली, दुखू लागली, तर चोळू नका. ती गुठळी असू शकते. त्याच दिवशी दाखवा.

झोप, वाफा आणि घोरणं

गरम वाफा, म्हणजे अचानक अंगात उसळणारी उष्णता आणि घाम, हा नुसता मनस्ताप नाही. ज्यांना त्या वारंवार येतात त्यांच्या रक्तवाहिन्यांचं अस्तर जास्त बिघडलेलं आढळतं. काहींना हा त्रास सात-आठ वर्षं चालतो. संध्याकाळी चारनंतर चहा बंद, रात्रीचं जेवण कमी तिखट, सुती कपडे, उशाशी पंखा. रात्री झोपण्याआधी १० मिनिटं संथ श्वास: पाच आकडे घेत, पाच आकडे सोडत.

या वयानंतर बायकांमध्ये झोपेत श्वास अडकण्याचं प्रमाण वाढतं. घोरणं, मधेच दचकून उठणं, सकाळी डोकं जड, दुपारी बसल्या जागी डोळा लागणं. "बाई कशी घोरेल" म्हणून हे सांगितलं जात नाही आणि मग तीन-तीन गोळ्या घेऊनही बीपी उतरत नाही. घरातल्यांना रात्री मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करायला सांगा आणि तोच डॉक्टरांना ऐकवा.

औषधं, आणि गुपचूप बीपी वाढवणाऱ्या गोष्टी

गुडघेदुखीसाठी रोज घेतलेली डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी बीपी वाढवते आणि मूत्रपिंडावर ताण आणते. रोजच्या काढ्यातलं आणि चघळायचं जेष्ठमधही बीपी चढवतं, पोटॅशियम उतरवतं. सांधेदुखीवरच्या बिनलेबलच्या पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं. दोन दिवसांत जादूसारखं बरं वाटलं तर तोच संशयाचा मुद्दा. वहीच्या एका पानावर घेत असलेलं सगळं लिहा, काढे आणि चूर्णंही.

बीपीची गोळी चालू केल्यावर घोट्याला सूज आली (अॅम्लोडिपिन) किंवा कोरडा खोकला लागला (रामिप्रिल, एनालाप्रिल) तर गोळी बदलता येते. स्वतः बंद करणं हा उपाय नाही. स्टॅटिनने (कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळीने) पाय दुखतात असं वाटलं तर तसंच, आधी डॉक्टरांशी बोला, डोस किंवा औषध बदलतात. तंबाखू कोणत्याही रूपात नको, मिसरी धरून. घरात कुणी सिगारेट ओढत असेल तर तो धूरही तुमच्या वाहिन्यांपर्यंत पोचतो.

हार्मोनच्या उपचाराबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात. वाफा, घाम, झोपमोड असह्य असेल, वय ६० च्या आत असेल किंवा पाळी जाऊन १० वर्षं झाली नसतील, आणि अडथळा नसेल, तर तो बहुतेकींसाठी योग्य ठरू शकतो. नुसतं हृदय वाचवण्यासाठी मात्र तो घेत नाहीत. २००२ च्या ज्या अमेरिकन चाचणीने सगळ्यांना घाबरवलं, तिच्यातल्या स्त्रियांचं सरासरी वय ६३ होतं, हे विसरलं जातं. स्तनाचा कर्करोग, गुठळी, पक्षाघात, हृदयविकार, चालू यकृतविकार किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असेल तर हा उपचार देत नाहीत. पाळी ४० च्या आत गेली असेल आणि अडथळा नसेल तर उलट, नेहमीच्या रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत तो घेण्याचा सल्ला दिला जातो. गोळीपेक्षा त्वचेवरचा पॅच किंवा जेल घेतल्यास गुठळीचा धोका कमी असतो. स्त्रीरोगतज्ज्ञांना हे नावानिशी विचारा. आणि वर्षभर पाळी थांबल्यावर एक थेंब जरी रक्त दिसलं तरी दाखवा.

थांबायचं नाही अशी चिन्हं

बायकांचा हार्ट अटॅक नेहमी छातीवर हात ठेवून येत नाही. जबड्यात, पाठीत किंवा डाव्या-उजव्या कोणत्याही हातात दाब, धाप, थंड घाम, मळमळ, कारण नसताना आलेला विलक्षण थकवा. यातली बरीच लक्षणं वाफांसारखी आणि अॅसिडिटीसारखी असतात, म्हणून घरातच रात्र काढली जाते. वाफ चार-पाच मिनिटांत ओसरते. दाब आणि घाम दहा मिनिटांहून जास्त टिकला, किंवा जिना चढताना येऊन थांबल्यावर जायला लागला, तर ईसीजी लगेच हवा.

तोंड एका बाजूला वाकडं, एक हात उचलेना, बोलणं अडखळलं, अचानक तोल गेला तर घड्याळ बघा. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं. 'शेवटचं ठीक कधी होतं' ती वेळ कागदावर लिहा. बीपी १८०/१२० च्या वर आलं आणि बाकी काही त्रास नसेल तर पाच मिनिटं बसून पुन्हा मोजा आणि तसंच राहिलं तर त्याच दिवशी डॉक्टर. छातीत दुखतंय, दिसायला धूसर किंवा धाप असेल तर वाट बघू नका.

१०८ ला फोन करा. रोग्याला स्कूटरवर मागे बसवून नेऊ नका आणि जिना उतरवू नका, खुर्चीत बसवून खाली आणा. अॅस्पिरिन स्वतःच्या मनाने देऊ नका, कारण पक्षाघात रक्तस्रावाचा असेल तर ती घातक. फोनवरच्या किंवा गाडीतल्या डॉक्टरांनी सांगितलं तर चावून द्यायची असते. निघताना वही, चालू गोळ्यांचा डबा आणि सगळ्यात ताजा ईसीजी सोबत घ्या. ईसीजी एकदा नॉर्मल असतानाचा काढून ठेवलेला असेल तर तोही न्या, तुलनेला तो फार उपयोगी पडतो.